विल्यम बकली : कोणती मतं सोडली, आणि किती उशिरा

निळी शाई

गेले काही महिने रात्री जेवणं आटोपली की मी 'फायरिंग लाइन' या दूरचित्रवाणीवरच्या चर्चेच्या कार्यक्रमाचे जुने भाग बघत बसतो. हूवर संस्थेने या कार्यक्रमाचा संग्रह जपून ठेवलाय आणि त्यातले बरेचसे भाग आता कुणालाही बघता येतात. १९६६ ते १९९९, दीड हजाराच्या वर भाग, आणि सूत्रधार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच : विल्यम एफ. बकली. अमेरिकेतल्या उजव्या विचारांच्या भाष्यकारांत यांच्याइतका दीर्घकाळ प्रभाव क्वचितच कुणाचा राहिला असेल. माझी मतं त्यांच्याशी जुळत नाहीत, तरी एक भाग संपला की दुसरा लावतो.

दृश्य अगदी साधं. सुरुवातीला बाखचं संगीत, मग दोन खुर्च्या. बकली खुर्चीत इतके रेललेले की आता घसरतील असं वाटावं. मांडीवर क्लिपबोर्ड, हातात पेन्सिल, मधूनच ती ओठांशी. प्रश्न विचारताना भुवया कपाळात जातात, डोळे विस्फारतात, आणि वाक्य एवढं लांब की ते कुठे वळतंय हे कळेपर्यंत पाहुण्याला दम धरावा लागतो. पण प्रश्न विचारल्यावर ते ऐकतात. मला खिळवून ठेवतं ते हे ऐकणं. समोर समाजवादी नॉर्मन थॉमस असोत, भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की असोत की काळ्यांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे ह्यूई न्यूटन, तासभर त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेऊन मग त्यातला कच्चा दुवा शोधायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म २४ नोव्हेंबर १९२५, न्यूयॉर्क. दहा भावंडांत सहावे. वडील मूळचे टेक्सासचे, मेक्सिकोत तेलाच्या व्यवसायात होते, तिथून त्यांना देशाबाहेर काढलं गेलं. घरात कॅथलिक वळण कडक. मुलाची पहिली भाषा स्पॅनिश, इंग्रजी नंतरची. सैन्यातली नोकरी करून येल विद्यापीठात शिकले आणि १९५१ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याच विद्यापीठावर टीका करणारं पुस्तक लिहिलं : इथले प्राध्यापक मुलांना धर्मापासून आणि मुक्त बाजारपेठेपासून तोडतात, आणि माजी विद्यार्थी मुकाट्याने देणग्या देत राहतात. पुढे थोडा काळ मेक्सिकोत सीआयएसाठी काम. आणि १९ नोव्हेंबर १९५५ ला त्यांच्या 'नॅशनल रिव्ह्यू' या नियतकालिकाचा पहिला अंक. तेव्हा तिशी पुरी व्हायला पाच दिवस होते.

त्या काळी अमेरिकेतल्या उजव्यांची अवस्था विखुरलेली होती. बाजारपेठवाल्यांना परंपरावाले नकोत, परंपरावाल्यांना बाजारपेठेचा भरवसा नाही, आणि साम्यवाद सोडून आलेल्यांचं लक्ष फक्त रशियाकडे. या सगळ्यांना बकलींनी एका नियतकालिकात बसवलं. भांडणात ते फुटू नये म्हणून मतदानाचे सगळे समभाग स्वतःच्या हातात ठेवले. नुसतं छान लिहिणाऱ्या माणसाला हे सुचत नाही, त्याला संघटकाची नजर लागते.

माझ्या लेखी त्यांचं सर्वांत मोठं काम १९६२ मधलं. जॉन बर्च सोसायटी या कट्टर साम्यवादविरोधी संघटनेचे संस्थापक रॉबर्ट वेल्च लिहून बसले होते की खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर साम्यवादी कटाचे जाणते हस्तक आहेत. या संघटनेचे सभासद म्हणजे 'नॅशनल रिव्ह्यू'चेच वाचक, वर्गणीदार आणि देणगीदार. तरी बकलींनी वेल्चवर पानंच्या पानं खर्ची घालून लिहिलं की हा माणूस आपल्या चळवळीचं नुकसान करतोय. वर्गण्या बंद झाल्या, संतापाची पत्रं आली. विरोधकावर लिहायला फारसं काही लागत नाही. आपल्याच पंगतीतल्या माणसाला उठवायला छाती लागते.

तुमचं काय मत आहे? भाष्यकाराचं मोजमाप तुम्ही कशावरून करता?

वाटसरू

छान लिहिलंय. 'फायरिंग लाइन'चा माझा आवडता भाग १९६८ मधला, कवी ॲलन गिन्सबर्ग यांचा. गिन्सबर्ग मांडीवर हार्मोनियम घेतात आणि 'हरे कृष्ण' म्हणू लागतात. बकली हसऱ्या चेहऱ्याने ऐकत बसतात, मध्ये तोडत नाहीत. दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत असण्याची शक्यता नाही, तरी ती दोन-तीन मिनिटं बघताना फार बरं वाटतं.

कोरा कागद

लेख चांगला आहे, पण १९५५ वरून थेट १९६२ वर उडी मारलीत. मधलं १९५७ वगळून बकलींबद्दल बोलता येणार नाही.

२४ ऑगस्ट १९५७ च्या अंकातलं संपादकीय. नागरी हक्कांच्या कायद्यावर वॉशिंग्टनमध्ये चर्चा चालू आहे. दक्षिणेत काळ्या नागरिकांना मतदानापासून रोखणाऱ्या अधिकाऱ्यांचा न्याय कुणी करायचा, स्थानिक ज्यूरीने की न्यायाधीशाने, हा कळीचा मुद्दा. स्थानिक ज्यूरी म्हणजे गोऱ्यांची ज्यूरी, हे सगळ्यांना माहीत होतं. संपादकीयाचा प्रश्न असा : जिथे गोरे संख्येने कमी आहेत तिथेही राजकीय सत्ता त्यांच्याच हाती राहावी का? उत्तर : हो, कारण तूर्तास तोच पुढारलेला वंश आहे. लेखाखाली नाव नव्हतं, पण लिहिणारे बकलीच.

घाईत हात घसरला असं इथे म्हणता येत नाही. नियतकालिकाने पुढे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यालाही विरोध केला. २०२५ मध्ये आलेल्या त्यांच्या मोठ्या चरित्रात तर असं पुढे आलंय की दक्षिण कॅरोलिनातल्या कॅमडेनमध्ये बकलींच्या आईवडिलांनी वंशभेदाची बाजू घेणाऱ्या एका वृत्तपत्राला पैसा पुरवला होता. म्हणजे ही भूमिका केवळ पुस्तकी तर्कातून आलेली नव्हती, घरातूनही आलेली होती.

वेल्चला बाहेर काढलं, मान्य. पण वेल्चचा दोष काय होता? आयझेनहॉवरबद्दल वेडगळ बोलणं. त्याने कुणाचं मत हिरावलं नव्हतं. ज्या गोष्टीने लाखो माणसांचं मत हिरावलं जात होतं, तिला या नियतकालिकाने तात्त्विक आधार दिला. मोजमाप करायचं तर पहिलं माप हे.

निळी शाई

कोरा कागद, ते संपादकीय मला माहीत होतं. लेखात घ्यायला हवं होतं, घेतलं नाही ही माझी चूक.

एक भर घालतो. दोन आठवड्यांनी त्याच नियतकालिकात त्या संपादकीयाच्या विरोधात लेख आला. लिहिणारे ब्रेंट बोझेल : येलमधले वादविवादातले जोडीदार, सख्ख्या बहिणीचे यजमान आणि साम्यवाद्यांच्या मागे लागलेल्या सिनेटर मॅकार्थीचं समर्थन करणाऱ्या १९५४ च्या पुस्तकाचे सहलेखक. बोझेल यांचं म्हणणं सरळ होतं : राज्यघटनेची पंधरावी दुरुस्ती मतदानात वंशभेदाला मनाई करते, आपण कायद्याची बाजू घेणारे म्हणवतो, मग कायदा मोडायला संमती कशी देतो? बकलींनी तो लेख छापला. स्वतःची भूमिका मात्र तेव्हा मुळातून बदलली नाही.

कोरा कागद

हीच तर गोष्ट आहे. म्हणजे त्या काळी सगळेच तसे होते ही सबब चालत नाही. त्याच कार्यालयात, त्याच घरात, त्याच विचारांचा माणूस दोन आठवड्यांत बरोबर उत्तर सांगत होता.

स्थलांतर

मी न्यूयॉर्कमध्ये राहते, म्हणून १९६५ च्या महापौरपदाच्या निवडणुकीबद्दल लिहिते. रिपब्लिकन उमेदवार जॉन लिंडसे, डेमोक्रॅट अब्राहम बीम, आणि कन्झर्व्हेटिव्ह पार्टीकडून बकली. जिंकलात तर पहिली गोष्ट काय कराल, या प्रश्नावर त्यांनी दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे : फेरमोजणीची मागणी करीन.

ऐन प्रचारात शहरातल्या वृत्तपत्रांचा संप झाला आणि मतदारांपुढे दूरचित्रवाणीवरच्या चर्चाच काय त्या उरल्या. तिथे बकलींशी कोण टिकणार! १३ टक्क्यांच्या थोडी वर मतं पडली. ती मॅनहॅटनच्या श्रीमंत वस्त्यांतून नव्हे, तर बाहेरच्या उपनगरांतून आली : पोलीस, अग्निशामक दलातले लोक, आयरिश आणि इटालियन कॅथलिक कामगार. हे सगळे पिढ्यान् पिढ्या डेमोक्रॅट. हा वर्ग पुढे निक्सन आणि रेगनकडे गेला, त्याची चाहूल तेव्हाच लागली होती. पाच वर्षांनी त्यांचे भाऊ जेम्स बकली याच पक्षातर्फे न्यूयॉर्कमधून थेट सिनेटवर निवडून गेले.

त्यांच्या जाहीरनाम्यात एक गोष्ट अशी होती की आज वाचून खरी वाटत नाही. सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर, जमिनीपासून वीस फूट उंच, पार १२५ व्या रस्त्यापर्यंत फक्त सायकलींसाठी मार्ग बांधायचा. शिवाय बाहेरून शहरात येणाऱ्या मोटारींवर आकार बसवायचा. तेव्हा लोकांनी हे सगळं हसण्यावारी नेलं. आज सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर सायकलींची वेगळी मार्गिका आहे (जमिनीवरच!), आणि जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागात शिरणाऱ्या मोटारींना पैसे मोजावे लागतात. या माणसाला उजव्यांच्या ठरलेल्या साच्यात बसवताना जपून, एवढंच मला म्हणायचंय.

मात्र त्याच प्रचारात त्यांनी पोलिसांची जी सरसकट पाठराखण केली, ती काळ्या वस्त्यांतल्या लोकांना कशी ऐकू आली असेल, याचाही विचार करावा लागतो. कोरा कागद यांचा मुद्दा इथेही लागू आहे.

रात्रपाळी

तासभर ऐकून घेणं वगैरे ठीक. पण ऑगस्ट १९६८ मधलं शिकागो कुणी बघितलंय का? डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन, बाहेर रस्त्यावर पोलीस निदर्शकांना झोडपतायत, आणि एबीसी वाहिनीवर बकली आणि लेखक गोर व्हिडाल समोरासमोर. व्हिडाल त्यांना छुपे नाझी म्हणाले. तोपर्यंत रेलून बसलेले बकली एकदम पुढे सरकले, चेहरा आवळला गेला, आणि व्हिडाल यांच्या समलैंगिकतेवरून शिवी देऊन थोबाड फोडण्याची धमकी दिली. निवेदक हॉवर्ड स्मिथ दोघांना आवरायला बघतायत आणि हे सगळं थेट प्रक्षेपणात, देशभर.

तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या एबीसीकडे अधिवेशनाचं पूर्ण वेळ चित्रण करण्याइतका पैसा नव्हता, म्हणून दोन माणसं समोरासमोर बसवण्याची ही स्वस्तातली कल्पना निघाली. ती चालली. आज कुठलीही वृत्तवाहिनी लावा, त्याच कल्पनेची पिल्लं दिसतात. 'फायरिंग लाइन'ची तेहतीस वर्षं एका बाजूला आणि शिकागोतली ती दोन मिनिटं दुसऱ्या बाजूला. दूरचित्रवाणीने त्यातलं काय उचललं हे आपण रोज बघतो. मला याचं फार वाईट वाटतं. ज्याच्या हातात चर्चेची सर्वांत चांगली पद्धत होती, त्याच्याच हातून सर्वांत वाईट पद्धतीचा पायंडा पडला.

प्रकरण तिथे मिटलंही नाही. पुढच्या वर्षी दोघांनी 'एस्क्वायर' मासिकात एकमेकांवर लांबलचक लेख लिहिले आणि मग कोर्टकचेऱ्या.

निळी शाई

रात्रपाळी, पुढच्याच वर्षी चॉम्स्कींबरोबरच्या भागात हेच वाक्य विनोद म्हणून परत येतं. आपला तोल कधी कधी जातो पण आज बहुधा जाणार नाही, असं चॉम्स्की म्हणतात. त्यावर बकली हसत हसत म्हणतात की गेला तर मी थोबाड फोडीन. प्रेक्षक हसतात. पहिल्यांदा बघताना मीही हसलो होतो. शिकागोची ती फीत बघितल्यावर हसता आलं नाही.

काळा कोट

व्यवसायाने वकील आहे, म्हणून एडगर स्मिथ प्रकरणाबद्दल. या माणसाला १९५७ मध्ये न्यू जर्सीत एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली. फाशीच्या कोठडीत तो 'नॅशनल रिव्ह्यू' वाचतो हे कळल्यावर बकलींनी त्याला पत्र लिहिलं. पत्रव्यवहार वाढत गेला. तो निर्दोष आहे अशी बकलींची खात्री झाली. त्यांनी लेख लिहिला, वकिलांसाठी पैसा उभा केला, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९७१ मध्ये खुनाचा कमी गंभीर आरोप कबूल करून स्मिथ सुटला आणि तुरुंगातून निघून 'फायरिंग लाइन'च्या चित्रीकरणाला येऊन बसला.

१९७६ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात एका स्त्रीला पळवून भोसकलं. ती वाचली. फरार असताना त्याने फोन केला तो बकलींच्या कार्यालयात. निरोप मिळताच बकलींनी एफबीआयला कळवलं आणि तो पकडला गेला. खटल्यात त्याने जुना खूनही कबूल केला. बकलींनी नंतर या सगळ्याबद्दल स्वतःच्या नावाने, सविस्तर लिहिलं. सबबी सांगितल्या नाहीत.

आमच्या व्यवसायात असं होतं. अशिलाचं अक्षर सुंदर, भाषा चांगली, वाचन दांडगं, की आपण नकळत त्याच्यावर विश्वास ठेवू लागतो. एकदा मीही असा फसलोय, त्यामुळे बकलींच्या चुकीकडे मी दुरून बघू शकत नाही. चांगलं लिहिणारा माणूस खून करणार नाही, हा लेखकांचा जुना गैरसमज आहे.

वाटसरू

मतं बदलण्याबद्दल चाललंय म्हणून आणखी काही प्रसंग. पनामा कालव्याचा करार. १९७८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यातला कालवा पनामाला परत देण्याच्या विरोधात सगळी उजवी चळवळ उभी होती आणि रेगन तिचे म्होरके. बकली कराराच्या बाजूने! दोघांचा जाहीर वाद 'फायरिंग लाइन'वरच झाला. जुना मित्र, उद्याचा राष्ट्राध्यक्ष, आपलेच वाचक बिथरलेले, तरी बकली मागे हटले नाहीत. सिनेटमध्ये करार ६८ विरुद्ध ३२ असा मंजूर झाला. रेगन आणि बकली यांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

मग अमली पदार्थ. १९९६ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू'ने छापलं की अमली पदार्थांविरुद्धचं युद्ध आपण हरलोय, आता कायदेशीर परवानगी द्या. आणि २००६ मध्ये इराकबद्दल : तिथलं अमेरिकेचं उद्दिष्ट फसलंय हे मान्य करा, असं त्यांनी स्तंभात लिहिलं. तेव्हा सरकार त्यांच्याच बाजूच्या पक्षाचं होतं.

कोरा कागद

वाटसरू, यादी खरी आहे, पण अर्धी आहे. १९८६ मध्ये याच माणसाने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये सुचवलं होतं की एड्सग्रस्तांच्या कोपराखालच्या हातावर आणि कुल्ल्यावर गोंदवून खूण करावी. आजाराने आणि भीतीने खचलेल्या माणसांबद्दल हे लिहिलंय. ही सूचना शब्दशः वाचली की अंगावर काटा येतो. ती करताना लेखकाच्या डोळ्यांसमोर एकही ओळखीचा रुग्ण नसावा, असंच वाटतं.

आणि वंशाबद्दल. २००४ मध्ये 'टाइम'ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी कबूल केलं की दक्षिणेतला वंशभेद हळूहळू आपोआप मागे पडेल असं आपल्याला वाटत होतं, ते चुकलं, केंद्र सरकारने हस्तक्षेप करणं गरजेचं होतं. ही कबुली मी मनापासून मानतो. फार थोडे भाष्यकार एवढं स्वच्छ बोलतात. पण संपादकीयानंतर ४७ वर्षांनी. १९५७ मध्ये मिसिसिपीत मतदारयादीत नाव घालायला गेलेला चाळिशीचा माणूस २००४ मध्ये हयात असण्याची शक्यता किती?

स्थलांतर

हे वाचून थांबले थोडा वेळ. पटलं.

रात्रपाळी

एक विचारायचं होतं. केंब्रिजमधली काळे लेखक जेम्स बॉल्डविन यांच्याबरोबरची चर्चा कुणी पूर्ण बघितलीय का? मी तुकडेच बघितलेत.

निळी शाई

रात्रपाळी, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री ती पूर्ण बघितली. एकदा बघून पुन्हा लावली.

१८ फेब्रुवारी १९६५, केंब्रिज युनियन, म्हणजे तिथल्या विद्यापीठातली वादविवाद संस्था. ठराव असा की अमेरिकन स्वप्न हे अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या जिवावर उभं राहिलंय. सभागृह खचाखच, मुलं जमिनीवरही दाटीवाटीने बसलेली. बॉल्डविन सावकाश बोलतात, आवाज चढवत नाहीत. कापूस मी वेचला, बाजारात मी नेला, रेल्वे मी बांधली, दुसऱ्याच्या चाबकाखाली, फुकट, अशा अर्थाचं ते बोलतात तेव्हा तो 'मी' सगळ्या पिढ्यांचा असतो. भाषण संपतं आणि अख्खं सभागृह उभं राहतं. निवेदक सांगतो की युनियनमध्ये आपण असं कधीच पाहिलेलं नाही. बॉल्डविन यांना ते अपेक्षित नसावं, डोळे भिरभिरतात, मग हळूच हसू येतं.

नंतर बकली उभे राहतात. ते सुरुवातीलाच सांगतात की बॉल्डविन काळे आहेत म्हणून एरवी त्यांना मिळते ती सवलत मी देणार नाही. वाक्यं नेहमीसारखीच बांधेसूद, मध्ये हशेही मिळतात. पण मी जे ऐकणं म्हणून एवढा भारावलो होतो, ते इथे दिसत नाही. त्यांनी ऐकलंय ते फक्त खोडून काढण्यापुरतं. मतं पडली ५४४ विरुद्ध १६४. बकली हरले.

कोरा कागद, वेल्च प्रकरण मी सगळ्यांत वर ठेवलं होतं, ते आता खाली घेतो. तिथे चुकलेला माणूस दुसरा होता. स्वतःची चूक त्यांनी झटकन मान्य केली ती काळा कोट यांनी सांगितलेल्या प्रकरणात, कारण त्या चुकीने थेट त्यांच्या कार्यालयात फोन केला होता. मिसिसिपीतल्या माणसांकडे तो नंबर नव्हता.

पण बॉल्डविन समोर उभे होते. पाच-सात पावलांवर. आणि सगळं नीट, सावकाश सांगत होते.